चांगशातला मॉल आणि एकोणिसावा मजला

ऑकलंडच्या आमच्या मराठी ग्रुपवर कोणी चीनला जायचा विषय काढला की मला मेसेज येतो, तू गेली होतीस ना, जरा सांग. दरवेळी मी व्हिसा, ट्रेन आणि खाणं एवढं सांगून थांबते. दोन वर्षं झाली त्याला. या वेळी सगळंच लिहून काढायचं ठरवलंय.

२०१७ चा जुलै, म्हणजे इकडचा हिवाळा. हिल्सबरोमधलं आमचं लाकडी घर त्या थंडीत नेहमीसारखं दमट झालं होतं. सकाळी उठून खिडक्यांच्या काचा आतून पुसायच्या, ईराला उठवायचं, डबे भरायचे आणि पेनरोज गाठायचं. तिथे औषधांच्या एका डेपोत मी डिस्पॅच बघते. निखिल, माझा नवरा, तिथून दोन रस्ते पलीकडे पॅकिंगची मशिनं बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर आहे. त्यांचं एक मशिन चांगशाच्या कारखान्यात चालू करून द्यायचं होतं. काम दोन आठवड्यांचं आणि नेमकी तेव्हाच शाळेची सुट्टी. राहायची सोय कारखाना करणार होता. निखिल म्हणाला, तुम्ही दोघीही चला. आठ वर्षांच्या ईराने एवढंच विचारलं की तिथे थंडी आहे का. सदतीस डिग्री आहे म्हटल्यावर तिने बॅगेत सगळ्यात आधी पोहायचे कपडे, म्हणजे टॉग्ज, आणि जँडल्स चपला भरल्या.

आता कामाचं. आमचे पासपोर्ट न्यूझीलंडचे असूनही तेव्हा व्हिसा काढावा लागला होता. सध्याचे नियम बघून घ्या. ऑकलंडहून ग्वांगझू थेट बारा तास. विमानतळावरून मेट्रोने दक्षिणेकडच्या रेल्वे स्टेशनवर जायला तास-सव्वा तास जातो. तिकिटाच्या खिडकीवर पासपोर्ट दाखवावा लागतो आणि रांग मोठी असते, त्यामुळे वेळ हाताशी ठेवा. तिथून चांगशाला बुलेट ट्रेनने अडीच तास, तिकीट तीनशे युआनच्या आसपास. आपल्या रोजच्या वापरातली बरीच ॲप्स तिथे चालत नाहीत. स्टेशनवर घ्यायला आलेल्या मेईने, म्हणजे कारखान्याच्या दुभाषी मुलीने, गाडीत बसल्या बसल्या माझ्या फोनवर भाषांतराचं एक ॲप टाकून दिलं. आपण बोलायचं, फोन चिनीत बोलतो. ते बोलतात, फोन इंग्लिशमध्ये सांगतो. बाईचा आवाज, अगदी सपाट.

शहर ओलांडून गाडी पश्चिमेला नव्या भागात शिरली. रस्ते आठ पदरी, झाडं सगळी एका उंचीची, आणि बुंध्यांना अजून बांबूचे टेकू. आमचा टॉवर चाळीस मजल्यांचा होता, आम्ही एकोणिसाव्यावर. पायाखाली गरम-गार होणारी फरशी, ओट्यावर एकही डाग नाही, खिडकीला जमिनीपासून छतापर्यंत काच. संध्याकाळी त्या काचेतून समोरचे टॉवर पाहत होते. अंधार पडत आला तरी एकेका टॉवरमध्ये चार-पाचच दिवे लागले होते.

टॉवरच्या पायथ्याशी मॉल. लिफ्ट थेट आतच उघडायची. मी ऑकलंडचे, मुंबईचे, सिडनीचे मॉल पाहिलेत, पण असा नाही. सहा मजले, पांढरा संगमरवर, मधोमध आपोआप वाजणारा काळा पियानो, हवेत कसलातरी महागडा वास. दुकानं सगळी उघडी, दिवे लखलखीत. प्रत्येक दुकानाच्या उंबऱ्यावर काळ्या कपड्यातली एक मुलगी, कानात छोटं यंत्र. आम्ही पुढून गेलो की ती कमरेत वाकून स्वागताचे दोन शब्द म्हणायची. मग पुढची. मग त्याच्या पुढची. आम्ही तिघं आणि आमच्या मागे-पुढे तेच दोन शब्द. गिऱ्हाईक एकही नव्हतं.

जेवायला पाचव्या मजल्यावर गेलो. साठेक टेबलं मांडलेली, प्रत्येकावर घडी घातलेले नॅपकिन, वर काचेची झुंबरं. एका कोपऱ्यात एक म्हातारं जोडपं शांतपणे जेवत होतं. बाकी आम्हीच. पण जेवण काय होतं! तिथली खासियत म्हणजे माशाचं डोकं, वर ठेचलेल्या खारवलेल्या लाल मिरच्यांचा थर देऊन वाफवलेलं. पुण्याच्या माणसाच्याही डोळ्यांत पाणी येईल एवढं तिखट. ईराला ते झेपलं नाही. तिच्यासाठी खाणाखुणा करून साध्या नूडल्स मागवल्या. तिघांचे अडीचशे युआन झाले. ऑकलंडमध्ये अशा ठिकाणी आम्ही दारातूनही डोकावलो नसतो.

दुसऱ्या दिवशीपासून निखिल सकाळी कारखान्यात जायचा आणि ईरा नि मी दिवसभर दोघीच. बाहेर ऊन इतकं की दहा मिनिटं चालवत नसे, म्हणून आम्ही मॉलमध्येच फिरायचो. मंगळवारी दुपारी जेवायला गेलो. मेन्यू उघडायच्या आत ईराच्या नूडल्स आल्या, बिनतिखटाच्या. मला वाटलं काल सांगितलं ते लक्षात ठेवलं असेल. पण वाढणारी मुलगी कालची नव्हती. बुधवारी तिसऱ्या मजल्यावरच्या कपड्यांच्या दुकानात, जिथे मी आधी पाऊलही टाकलं नव्हतं, लिऊ नावाच्या विक्रेतीने माझ्या मापाचा कोट आधीच हँगरवर काढून ठेवला होता. चाळिशीची असेल ती, हसरी. माझ्या फोनमध्ये बोलली. फोन म्हणाला, "एकोणीस शून्य सातच्या बाई, तुम्ही काल दमलेल्या होतात. आज बऱ्या दिसता."

एकोणीस शून्य सात हा आमच्या घराचा नंबर.

गिऱ्हाइकं अगदीच नव्हती असं नाही. दोन-चार माणसं असायची, आणि तीच असायची. निळ्या शर्टाचा एक माणूस दोन्ही हातांत मोठ्या कागदी पिशव्या घेऊन सरकत्या जिन्याने वर जायचा आणि थोड्या वेळाने खाली यायचा. चालताना त्या पिशव्या पंखा लागल्यासारख्या हलायच्या. गुरुवारी जिन्यावर त्याच्या हातातली एक निसटून माझ्या पायाशी पडली. मी उचलून दिली. आत नुसता पातळ चुरगळलेला कागद होता. त्याने मान झुकवली, पिशवी घेतली आणि वर निघून गेला.

मी हे निखिलला सांगितलं. तो दमलेला होता, म्हणाला, नवीन भाग आहे, हळूहळू भरेल. आणि मीही फार ताणलं नाही. कारण खरं सांगायचं तर मला तिथे बरं वाटायला लागलं होतं. रोज कोणीतरी खुर्ची मागे ओढून देत होतं, घर येऊन आवरून जात होतं. बारा वर्षांपूर्वी विद्यार्थिनी म्हणून न्यूझीलंडला आल्यापासून मी दुकानात आधी किमतीची चिठ्ठी बघते आणि मग वस्तू. इथे मी कोट घालून आरशासमोर उभी राहत होते, लिऊ मागून खांदे सारखे करत होती, आणि मला घाई नव्हती. चौथ्या-पाचव्या दिवशी तर मी उंबऱ्यावरच्या मुलींना उलट मान झुकवायचंही सोडून दिलं होतं. ते माझ्या लक्षातही आलं नाही.

शनिवारी सकाळी मेई आली. संध्याकाळी मॉलमध्ये समारंभ आहे, कारखान्याचे मालक आग्रहाने बोलावतायत, असं तिने सांगितलं. टॉवर त्यांच्या मेहुण्याने बांधलेला. लिऊने तो कोट मला संध्याकाळपुरता घालायला दिला. लेबल कापायचं नाही, आत खोचून ठेवायचं.

पाच वाजता लिफ्टचं दार उघडलं आणि मी क्षणभर मागे सरले. मॉल माणसांनी भरला होता. बसेस भरभरून लोक आले होते, मुलं फुगे घेऊन पळत होती, दुकानांत गर्दी, पाचव्या मजल्यावर सगळीच्या सगळी टेबलं भरलेली. आम्हाला काचेजवळचं टेबल दिलं. दोन फोटोग्राफर आमच्याच भोवती. ईराला तिथल्याच दोन मुलांच्या मध्ये बसवलं, तिच्या हातात चमकती पिशवी दिली. मालक माइकवर काहीतरी बोलले, लोकांनी आमच्याकडे पाहून टाळ्या वाजवल्या. निखिल उभा राहिला, त्याने ग्लास उचलला. मीही हसले, टाळ्या वाजवल्या, कॅमेऱ्याकडे पाहून मान तिरकी केली. मला ते छान जमत होतं.

रविवारी सकाळी खाली गेलो तर पियानो वाजत होता आणि सहाही मजले रिकामे.

सोमवारी मी कोट परत द्यायला लिऊकडे गेले. ईरा दारातल्या छोट्या स्टुलावर बसली होती. लिऊने कोटाची घडी घातली, मी वळले, तर स्टूल रिकामं. आधी वाटलं बाजूच्या दुकानात असेल. तिथे नव्हती. कठड्यावरून खाली पाहिलं, पियानोपाशी नव्हती. मी हाक मारली, आणि ती हाक संगमरवरावरून फिरून माझ्याकडेच आली. वर पाहिलं, नुसते मजल्यांचे कठडे, एकावर एक.

शेजारच्या दुकानातल्या मुलीकडे धावले, हाताने ईराची उंची दाखवली. ती उंबऱ्यावरून हलली नाही. त्यांना तो ओलांडायची परवानगी नव्हती हे मला नंतर कळलं. तिने फक्त हात उचलून सरकत्या जिन्याकडे दाखवलं. मी वर गेले. चौथ्या मजल्यावर जिन्यासमोरच्या मुलीने हात आधीच उचलून धरला होता. तिच्या पुढच्या दुकानात दुसरा हात. मग तिसरा. काळे कपडे, सरळ चेहरे, आणि सगळे हात एकाच दिशेला. मी त्या हातांच्या मागे धावत होते आणि धावता धावता मला उमगलं की गेले आठ दिवस आमचं प्रत्येक पाऊल त्या कानातल्या यंत्रांतून पुढे कळवलं जात होतं. नूडल्स त्यामुळेच आधी यायच्या. मला त्याची भीती वाटली आणि त्याच क्षणी मी त्यांची ऋणी होते. दोन्ही एकदम.

शेवटचा हात सहाव्या मजल्यावर होता. तिथे दुकानं नव्हती. भिंतभर फोटो लावलेला होता, हसणाऱ्या कुटुंबाचा, माणसं आमच्या दुप्पट उंचीची. त्यातल्या वडिलांच्या गुडघ्याशी एक दार होतं, अर्धवट उघडं. मी ते ढकललं.

आत एसी नव्हता. उकाड्याची, सिमेंटच्या वासाची हवा अंगावर आली. नुसतं काँक्रीट, लोंबणाऱ्या वायरी, फरशी नाही. खोक्यांवर आणि पुठ्ठ्यांवर तीस-चाळीस माणसं बसून आपापल्या डब्यातलं जेवत होती. अंगावर भारी कपडे, पायात काही नाही. बूट रांगेने भिंतीशी काढून ठेवलेले. निळ्या शर्टाचा माणूस होता, पिशव्या बाजूला उभ्या. शनिवारी ईराच्या बाजूला बसवलेली दोन मुलं होती. आणि रेस्टॉरंटमधलं ते म्हातारं जोडपं. ईरा त्या आजींना टेकून बसली होती. आजी तिला वाफवलेलं अंडं चमच्याने भरवत होत्या. आजींच्या कॉलरमागून कोटाचं लेबल बाहेर आलं होतं.

"आय वॉज हंग्री, मम," ईरा म्हणाली. त्या दोन मुलांनी हात केला म्हणून ती त्यांच्या मागे आली होती.

मी तिथेच खोक्यावर बसले. कोणीतरी पाण्याचा ग्लास दिला. आजींनी माझ्या हातातला फोन ओढून घेतला आणि त्यात बोलत राहिल्या. फोनने सांगितलं की त्यांचं गाव इथेच होतं, गावाच्या बदल्यात आठव्या मजल्यावर घर मिळालं. दुपारी आणि संध्याकाळी नवराबायकोने रेस्टॉरंटमध्ये बसायचं हे काम. घर बघायला लोक येतात, त्यांना मॉल चालू दिसायला हवा. मासा चांगला असतो, पण अर्धा टाकावा लागतो. ताट साफ केलं तर गरीब दिसतं.

मी विचारलं, रोज तिथे जेवता तर मग हा डबा कशाला?

"तिथलं खाणं काम आहे," फोन म्हणाला. "हे जेवण आहे."

मग आजींनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं आणि पुन्हा बोलल्या. तोच सपाट आवाज. "तुम्ही दोन वर्षं शेजारी राहणार. मुलीला मी सांभाळीन."

मला वाटलं भाषांतर चुकलं. मी परत विचारलं.

"शनिवारी मालकांनी माइकवर सांगितलं. एकोणीस शून्य सातचं परदेशी कुटुंब इथे राहायला येतंय. तुमच्या नवऱ्याने ग्लास उचलला. तुम्ही टाळ्या वाजवल्या."

आजी हसून माझ्याकडे बघत होत्या.

निखिल सहाला परत आला. ईरा आतल्या खोलीत चित्रं काढत होती. मी त्याला सरळ विचारलं. तो खुर्चीवर बसला आणि त्याने काही लपवलं नाही. इथला दोन वर्षांचा विभागप्रमुख म्हणून त्याचं नाव निघालं होतं. घर, शाळा, सगळं कारखान्याचं. शुक्रवारी त्याने ऑकलंडच्या साहेबांना मेलवर होकार कळवला होता. मालक माइकवर जाहीर करतील हे त्याला माहीत नव्हतं, पण मेईने कानात सांगितल्यावर तो उभा राहिला होता.

मला का नाही विचारलंस, म्हटलं.

"विचारणार होतो," तो म्हणाला. "पण मग तुला बघितलं. इतकी खूश मी तुला बारा वर्षांत नव्हतं पाहिलं. मला वाटलं, विचारायची गरजच नाही."

मी भांडायची तयारी करून बसले होते. पण त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मी सहाव्या मजल्याबद्दल सांगितलं. तो ऐकत राहिला, मग म्हणाला, त्यांना काम मिळतंय, जेवण मिळतंय, त्यात वाईट काय?

उरलेले दिवस मी ईराला घेऊन जुन्या शहरात जायचे. मेट्रो स्वस्त आहे, पाट्या इंग्लिशमध्ये आहेत, काही अडत नाही. नदीकाठच्या गल्ल्यांत तो काळा, उग्र वासाचा तळलेला तोफू मिळतो. नाक दाबून का होईना, एकदा खा. सकाळी तांदळाच्या नूडल्सचा वाडगा दहा-बारा युआनला. लोक धक्के देत होते, आमच्यावर ओरडत होते, कोणाला आमचं नाव-गाव माहीत नव्हतं, आणि मला मोकळं वाटत होतं. पण संध्याकाळी लिफ्टचं दार मॉलमध्ये उघडलं की पहिल्या उंबऱ्यावरची मुलगी वाकायची, आणि माझे खांदे आपोआप मागे जायचे.

निघायच्या सकाळी लिऊ लिफ्टपाशी आली होती, उंबरा सोडून. तिने ईराच्या केसांवरून हात फिरवला. फोन काढायला वेळ मिळाला नाही, त्यामुळे ती काय म्हणाली ते मला कळलं नाही.

ऑकलंडला उतरलो तेव्हा पाऊस होता. आम्ही घर उघडलं, हीटर लावला, बॅगा तशाच ठेवल्या. पुढचे पाच दिवस निखिल आणि मी भाजी, कपडे, गाडीचं सर्व्हिसिंग यावर बोललो. शाळा सुरू झाली. इथे नव्या टर्मच्या पहिल्या आठवड्यात मुलांना सुट्टीत काय केलं ते लिहायला सांगतात. ईराच्या बाईंनी मला गेटपाशी थांबवलं आणि हसत विचारलं, तुम्ही चीनमध्ये नेमकं कुठलं काम केलंत? मला कळेना. त्यांनी वही हातात दिली.

घरी येऊन मी ती टेबलावर ठेवली. निखिलने चहा पिता पिता वाचली. ईराने इंग्लिशमध्ये लिहिलं होतं: "सुट्टीत मी, मम आणि डॅड चीनमध्ये गिऱ्हाईक होतो. तिथे खूप दुकानं होती पण माणसं कमी होती, म्हणून मदत लागत होती. जेवण फुकट खाणारी एक आजी माझी मैत्रीण झाली. आम्हाला कपडे पण देतात. ममला हे काम सगळ्यांत चांगलं येत होतं."

त्याने ते दोनदा वाचलं. वही बंद केली आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, "जाऊ नये म्हणतेस?"

"मला तिथे आवडलं होतं," मी म्हटलं. "म्हणूनच नको."

दुसऱ्या दिवशी त्याने नकार कळवला. साहेब नाराज झाले, अजूनही थोडे आहेत. ती जागा त्याच्या एका सहकाऱ्याला मिळाली. तो बायको-मुलांसह जाऊन आला, गेल्या महिन्यात परतले ते, आणि मजेत राहिलो असं सांगतात. मॉल आता भरलेला असतो म्हणे. खरी गर्दी की शनिवारची, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण त्याची बायको इतकी आनंदाने मासा, झुंबरं आणि खुर्ची मागे ओढून देणाऱ्या मुलींबद्दल बोलत होती की मी नुसती ऐकत राहिले. त्यांनाही राहायला एकोणीस शून्य सातच मिळालं होतं. आठव्या मजल्यावर एक आजी राहायच्या, त्यांना भेटलात का, एवढंच मी विचारलं. ती जरा आठवून म्हणाली, नाही गं, खालच्या मजल्यांवरच्या कोणाशी आमची ओळख नव्हती.